बोन मॅरोच्या रिपोर्टमध्ये ‘चरबी’ आली, आता काय करायचं?

एकच प्रश्न वाचकांकडून वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. घरातल्या कोणाची तरी बोन मॅरोची, म्हणजे हाडांतल्या मज्जेची, तपासणी झालेली असते, इंग्रजी रिपोर्ट हातात असतो, त्यात ‘फॅट’ किंवा ‘फॅटी मॅरो’ असं लिहिलेलं असतं आणि घर घाबरून जातं. कोणी हा फॅटी लिव्हरसारखाच प्रकार समजून तूप-तेल बंद करतं. कोणी मोबाइलवर वाचतं, की मज्जेतली चरबी ब्लड कॅन्सरला खतपाणी घालते, आणि पेशंटचं जेवणच अर्ध्यावर आणतं. जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, भोकरदन, घनसावंगी भागातल्या वाचकांचा त्यापुढचा प्रश्नही ठरलेला असतो: जायचं कुठे आणि खर्च भागवायचा कसा?

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. चरबी जास्त दिसली एवढ्यावरून कॅन्सर आहे असं ठरत नाही, आणि कॅन्सर नाही असंही ठरत नाही. ते ठरवणाऱ्या ओळी रिपोर्टमध्ये दुसरीकडे असतात.

मज्जेत चरबी असतेच

तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हाडांच्या आतल्या मऊ मज्जेत तयार होतात. बाळ जन्मतं तेव्हा जवळजवळ सगळी मज्जा लाल, रक्त बनवणारी असते. वय वाढतं तशी हातापायांच्या हाडांतून ती मागे सरते आणि तिची जागा चरबीच्या पेशी घेतात. शेताचा थोडाथोडा तुकडा पडीक पडत जावा, तसं हे होत जातं. त्यात रोग काही नाही. मोठ्या माणसात रक्त बनवण्याचं काम मुख्यतः कंबरेची हाडं, मणके, छातीचं हाड आणि बरगड्या करतात, आणि तिथेही पेशींच्या जोडीला चरबी असते.

डॉक्टर एक ढोबळ हिशेब वापरतात. शंभरातून वय वजा करा. उरेल तेवढे टक्के जागा रक्तपेशींनी भरलेली असावी. म्हणजे साठीच्या माणसाच्या मज्जेत ४० टक्के पेशी आणि ६० टक्के चरबी हे वयाला धरूनच झालं. हेच आकडे दहा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये आले, तर मात्र कारण शोधावं लागतं. म्हणून रिपोर्टवर वय बरोबर लिहिलंय का, ते सर्वात आधी बघा. आपल्याकडे जुन्या माणसांच्या आधार कार्डावर वय पुष्कळदा अंदाजाने लागलेलं असतं. खरं वय वेगळं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

रिपोर्ट हाती आला की काय बघायचं

ही तपासणी कंबरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून होते. ‘मणक्यातलं पाणी काढतात’ ती तपासणी वेगळी. बोन मॅरो काढताना सुई मणक्यात जात नाही, त्यामुळे पाय लुळे पडतील ही भीती मनातून काढा. नमुने सहसा दोन घेतात. एकात सिरिंजने पातळ मज्जा ओढतात, तिला अ‍ॅस्पिरेट म्हणतात. दुसऱ्यात हाडाचा बारीक दोऱ्यासारखा तुकडा काढतात, ती बायोप्सी. पेशी किती आणि चरबी किती, हे बायोप्सीवरूनच नीट कळतं. तुमच्या पेशंटचं फक्त अ‍ॅस्पिरेट झालं असेल, तर ‘बायोप्सी का घेतली नाही?’ हे विचारायला संकोचू नका.

रिपोर्टमध्ये या ओळी शोधा:

- सेल्युलॅरिटी: पेशींनी व्यापलेली जागा, टक्क्यांत. वरचा हिशेब इथे लावा.
- तुकड्याची लांबी: दीड सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर चांगलं. तुकडा फारच लहान असेल आणि हाडाच्या वरच्या थरालगतचाच आला असेल, तर उतारवयात तिथे चरबीच जास्त दिसते आणि निष्कर्ष फसवा ठरू शकतो.
- ब्लास्ट: अपक्व पेशी. निरोगी मज्जेत त्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असतात. २० टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर डॉक्टर तीव्र ल्युकेमियाच्या दिशेने विचार करतात.
- प्लाझ्मा पेशी: १० टक्के किंवा जास्त असतील, तर मल्टिपल मायलोमाचा तपास होतो.
- इम्प्रेशन: शेवटच्या दोन-तीन ओळी. पॅथॉलॉजिस्टचा खरा निष्कर्ष इथे असतो.
- बाकी राहिलेल्या तपासण्या: फ्लो सायटोमेट्री, सायटोजेनेटिक्स, फिश. हे रिपोर्ट मागाहून येतात. ते आल्याशिवाय निदान पूर्ण झालं असं धरू नका.

कंबरदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये ‘मॅरो सिग्नल बदललेला’ असा शेरा आला, म्हणूनही पुष्कळ जण घाबरतात. असा बदल वयामुळे किंवा अ‍ॅनिमियामुळेही दिसतो. अशा वेळी आधी सीबीसी, ईएसआर आणि डॉक्टर सांगतील त्या रक्ताच्या तपासण्या करा. त्यांत काही आढळलं, तरच पुढे बोन मॅरो.

चरबी जास्त आणि पेशी कमी: मग कोणत्या शक्यता?

उपचार सुरू न झालेल्या ल्युकेमियात चित्र बहुतेक वेळा उलटं असतं. कर्कपेशींनी मज्जा गच्च भरते आणि चरबी जवळजवळ दिसेनाशी होते. मज्जा रिकामी आणि चरबीने भरलेली दिसते, त्यामागे ही कारणं असू शकतात:

- अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. मज्जा रक्त बनवणंच थांबवते. गंभीर रुग्णात पेशी २५ टक्क्यांच्या खाली जातात. हा कॅन्सर नाही, पण ‘कॅन्सर नाही ना, मग बघू सावकाश’ म्हणणं जिवावर बेतू शकतं. तरुण रुग्णाला सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर प्रत्यारोपण हा पहिला पर्याय असतो. बाकीच्यांना एटीजी, सायक्लोस्पोरिन, एल्ट्रॉम्बोपॅग ही औषधं देतात.
- कमी पेशींचा एमडीएस. हा कॅन्सरच्या गटात मोडतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली अप्लास्टिक अ‍ॅनिमियासारखाच दिसू शकतो. दोघांतला फरक कळायला गुणसूत्रांची तपासणी (सायटोजेनेटिक्स) लागते. खर्च वाचवायला म्हणून ती टाळू नका.
- नुकतीच झालेली केमोथेरपी. इथे रिकामी, चरबीची मज्जा अपेक्षितच असते. औषधाने कर्कपेशींबरोबर चांगल्या पेशीही गेलेल्या असतात, त्या काही आठवड्यांत परत उगवतात. या टप्प्यावर चरबीपेक्षा ब्लास्ट किती उरले, हे विचारा.
- कंबरेच्या भागाला दिलेलं रेडिएशन, काही औषधं, हिपॅटायटिस, तीव्र कुपोषण, एचआयव्ही. यातलं काही घडलं असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

कपाशीवर वर्षानुवर्षं फवारणी केली असेल, पेट्रोल किंवा रासायनिक द्रावणांशी रोजचा संबंध असेल, तर तेही सांगा. पेट्रोलमध्ये असणाऱ्या बेंझिनमुळे ल्युकेमिया होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि मज्जा सुकण्याशीही त्याचा संबंध आहे. कीटकनाशकांबाबत संशय घ्यावा असे अभ्यास आहेत, पण एका माणसाच्या आजाराचं बोट एका डब्याकडे दाखवता येत नाही. कोणती औषधं फवारली त्यांची नावं, जमल्यास रिकाम्या डब्यांच्या लेबलचे फोटो सोबत न्या.

आणि एक दिलासा. तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या म्हणजे ब्लड कॅन्सरच, असं नाही. बी-१२च्या तीव्र कमतरतेतही अगदी तसंच चित्र दिसतं आणि ते साध्या उपचाराने बरं होतं. बी-१२ तपासलं का, हे विचारून घ्या. मात्र रक्ताचा नमुना देण्याआधी बी-१२ची इंजेक्शनं घेऊ नका. मग तपासणीत खरं कळत नाही.

ब्लड कॅन्सरमध्ये या चरबीच्या पेशी काय करतात?

मज्जेतल्या चरबीला पूर्वी नुसती भरावाची माती समजत. २००९ साली ‘नेचर’मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की उंदरांच्या मज्जेतल्या चरबीच्या पेशी रक्तनिर्मितीला आवर घालतात. २०१७ साली दुसऱ्या एका गटाला नेमकं उलट दिसलं: रेडिएशननंतर याच पेशी रक्त पुन्हा उगवायला मदत करणारा एक घटक सोडतात. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं, की एएमएल या ल्युकेमियातल्या कर्कपेशी शेजारच्या चरबीच्या पेशींना चरबी वितळवायला लावतात आणि सुटलेली स्निग्धाम्लं इंधन म्हणून वापरतात. कॅनडातल्या संशोधकांना आढळलं, की एएमएल मज्जेतली चरबीची वस्तीच मोडतो आणि त्यामुळे निरोगी रक्तनिर्मितीही कोलमडते. एएलएल या दुसऱ्या ल्युकेमियात चरबीच्या पेशी कर्कपेशींना काही केमो औषधांपासून आडोसा देतात, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे.

म्हणजे या पेशी कधी शत्रूला रसद पुरवतात, तर कधी शरीराला सावरतात. यातलं बरंचसं काम उंदरांवर आणि काचपात्रातल्या पेशींवर झालेलं आहे. मज्जेतली चरबी हटवून ब्लड कॅन्सर बरा करणारं प्रमाणित औषध आज उपलब्ध नाही. कोणी तसं सांगून काढा, पावडर किंवा ‘डिटॉक्स’ विकत असेल तर घेऊ नका. मधुमेहाच्या एका जुन्या गटातली औषधं या चरबीवर परिणाम करतात म्हणून संशोधक ती तपासत आहेत. ते वाचून शेजाऱ्याची गोळी पेशंटला देणं धोक्याचं आहे.

मग तूप-तेल, वजन यांचं काय करायचं?

पोटावरची चरबी आणि मज्जेतली चरबी एकाच नियमाने चालत नाहीत. माणूस उपाशी राहिला, खूप खंगला, तर अंगावरची चरबी घटते आणि मज्जेतली वाढते. खाणं जवळजवळ सोडून देणाऱ्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत हे दिसून आलं आहे. त्यामुळे रिपोर्टमधली चरबी ‘उतरवायला’ पेशंटला उपाशी ठेवलंत, तर त्याची ताकद जाते, केमो सोसत नाही आणि मज्जेलाही फायदा होत नाही.

लठ्ठपणाचा मुद्दा मात्र खरा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जास्त वजनाशी निश्चित संबंध असलेल्या कॅन्सरच्या यादीत मल्टिपल मायलोमाचा समावेश केला. दहा वर्षांवरच्या लठ्ठ मुलांमध्ये एएलएल उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयाने २०२१ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १० ते २१ वर्षांच्या रुग्णांना पहिल्या महिन्याच्या केमोत आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडा कमी उष्मांकाचा आहार आणि व्यायाम दिला. महिन्याअखेरीला कर्कपेशी शिल्लक सापडण्याचं प्रमाण आधीच्या रुग्णांपेक्षा कमी निघालं. ही आशेची खूण आहे. पण हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं होतं. घरी आपल्या मनाने करायची ही गोष्ट नाही.

आपल्याकडचे बरेच पेशंट उलट अशक्त, कमी वजनाचे असतात. त्यांना भाकरी, डाळ, अंडी, दूध, ताजं शिजवलेलं गरम अन्न हवं असतं आणि त्यात चमचाभर तूप चालतं. पांढऱ्या पेशी कमी असतील तेव्हा कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचं खाणं, हातगाडीवरचा उसाचा रस टाळा. स्टेरॉइड चालू असताना भूक वाढते, साखर चढते; तेव्हा गोड आणि तळलेलं आवरा. वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. ते झपाट्याने वाढलं किंवा घटलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

जालन्याहून जायचं कुठे?

सीबीसी आणि रक्ताचा स्मिअर जालन्यात होतो. त्यात ब्लास्ट दिसले किंवा तिन्ही पेशी बऱ्याच कमी असल्या, तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावत दिवस घालवू नका. रक्तविकारतज्ज्ञ किंवा कर्करोगतज्ज्ञ असलेलं ठिकाण गाठा.

- छत्रपती संभाजीनगर, सुमारे ६० किलोमीटर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं कर्करोग रुग्णालय तिथे आहे आणि त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. पहिली पायरी म्हणून बहुतेकांना हेच सोयीचं.
- मुंबई. परळचं टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याचंच खारघरचं अ‍ॅक्ट्रेक केंद्र. प्रत्यारोपणाचा विभाग खारघरला आहे. देशातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ साली टाटा रुग्णालयातच झालं. नाव नोंदवताना ‘जनरल’ की ‘प्रायव्हेट’ हे विचारतात. घाईत प्रायव्हेट लिहून मोकळे होऊ नका. खर्चात मोठा फरक पडतो.

मुंबईला न्यायचं असेल तर देवगिरी एक्सप्रेस रात्रीची सोयीची पडते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ करते, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्यासह दिलेला दाखला लागतो. एसटीतही कर्करोगाच्या रुग्णांना भाड्यात सवलत आहे. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करा. पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूड केंद्रांबद्दल टाटा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला विचारा.

पैसे कुठून उभे करायचे?

जमिनीचा तुकडा किंवा बायकोचे दागिने काढण्याआधी हे मार्ग तपासा.

1. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२४पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पिवळं, केशरी की पांढरं कार्ड, हा प्रश्न आता उरलेला नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन भेटा. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८००-२३३-२२००. भरती होण्याआधी बाहेर केलेल्या तपासण्यांचे पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका. योजनेत बसलेल्या उपचारासाठी रुग्णालयाने वर पैसे मागितले, तर याच क्रमांकावर तक्रार करा.
2. मुख्यमंत्री सहाय्यता निधी. बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी अर्ज करता येतो. खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा निदान झाल्याच्या आठवड्यातच तो काढायला टाका.
3. धर्मादाय रुग्णालयं. या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते.

सगळ्याच ब्लड कॅन्सरना लाखोंचा खर्च येत नाही. सीएमएल या प्रकारात बहुतेकांना रोजच्या इमॅटिनिब गोळीवर वर्षानुवर्षं कामधंदा करता येतो. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून स्वस्त देशी गोळी बाजारात टिकली. तेव्हा ‘ब्लड कॅन्सर’ एवढंच ऐकून हाय खाऊ नका. कोणता प्रकार, ते आधी विचारा.

या चुका महागात पडतात

- तपासणीआधी स्टेरॉइड. ताप आणि अशक्तपणावर गावात जी ‘ताकदीची’ इंजेक्शनं मिळतात, त्यांत डेक्सामेथासोन असू शकतं. काही ल्युकेमिया आणि लिम्फोमा त्याने तात्पुरते दबतात आणि निदान लपतं. काय टोचलं त्याची चिठ्ठी मागून घ्या.
- भावाचं रक्त भावाला. पुढे प्रत्यारोपणाची शक्यता असेल, तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त पेशंटला चढवू नये. शरीर त्या दात्याविरुद्ध आधीच तयार होतं. रक्तदान त्यांनी जरूर करावं, ते दुसऱ्याला जाईल.
- प्लेटलेट कमी असताना दंडावर किंवा कमरेवर इंजेक्शन, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या. रक्तस्राव होऊ शकतो.
- पपईच्या पानांचा रस. डेंग्यूत लोक तो देतात. मज्जाच काम करत नसेल, तर त्यावर विसंबून दिवस वाया जातात.
- भस्म आणि काढे लपवणं. काही भस्मांत शिसं, पारा आढळला आहे. घेत असाल तर सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प राहू नका.
- मज्जा द्यायला घाबरणं. दात्याचं हाड कापत नाहीत. पुष्कळदा हाताच्या शिरेतूनच मूळ पेशी गोळा करतात आणि दात्याच्या शरीरात त्या परत तयार होतात. प्रत्येक सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. बहिणींचीही तपासणी करा. लग्न झालं म्हणून त्यांना वगळू नका.

तुमचे हक्क

वैद्यकीय कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दुसरं मत घेण्यासाठी बोन मॅरोच्या काचा आणि ब्लॉक मागता येतात. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा वाचल्या जातात आणि कधीकधी सुई परत टोचावी लागत नाही. काचा नेताना डबीत, कापसात नीट ठेवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातला मजकूर मराठीत समजावून मागा. आणि डॉक्टरांना हे तीन प्रश्न नक्की विचारा: नेमका प्रकार कोणता? उद्देश पूर्ण बरं करण्याचा आहे की आजार ताब्यात ठेवण्याचा? पुढची बोन मॅरो कधी आणि कशासाठी?

ताप आला तर

घरी थर्मामीटर हवाच. केमो चालू असलेल्या किंवा पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णाला १००.४ फॅरनहाइट ताप दिसला, की ती तातडीची वेळ समजा. पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका; ताप उतरलेला दिसतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. जवळच्या ज्या रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होईल तिथे आधी जा, उपचाराची फाइल दाखवा, आणि तिथूनच तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन लावा. रात्री कोणत्या गाडीने आणि कुठल्या रुग्णालयात जायचं, हे आजच ठरवून तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे. मध्यरात्र झाली असली तरी निघा, सकाळपर्यंत थांबू नका.